पोलीस नेमबाजाची रायफल: कॅलिबर निवडायचं कसं?

पोलिसांच्या नेमबाज पथकात नव्यानं निवड झालेल्या माणसाला कॅलिबरबद्दल, म्हणजे रायफलीतून कुठल्या मापाचं काडतूस झाडावं याबद्दल, सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यातले बरेच सल्ले सैन्यातून, शिकारीतून नाहीतर हजार मीटरच्या स्पर्धांमधून आलेले असतात आणि आपापल्या जागी ते बरोबरही असतात. पण पोलिसाचं काम वेगळं आहे. समोर ओलीस धरलेलं लेकरू असतं, भिंतीपलीकडे शेजाऱ्याचं बिऱ्हाड असतं आणि झाडलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब पुढे न्यायालयात द्यायचा असतो. कॅलिबरचा विचार या कामापासून सुरू करावा, काडतुसांच्या तक्त्यापर्यंत नंतर यावं. पुढे दिलेल्या क्रमानं गेलात तर निम्मे पर्याय तक्ता उघडण्याआधीच गळतात.

हा लेख दलात असलेल्यांसाठी किंवा दलात जाऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. भारतात .३०३, ७.६२×५१ आणि ५.५६×४५ ही काडतुसं निषिद्ध बोअरमध्ये मोडतात. सामान्य परवान्यावर ती मिळत नाहीत, आणि शासकीय दलात निवडही मुख्यालयाच्या पातळीवर होते. अमेरिकेतल्या लहान शहरांच्या पोलिसांत मात्र पथकातल्या नेमबाजालाच बऱ्याचदा शिफारस लिहायला सांगतात. तिथे नोकरी करणाऱ्या मराठी मुलामुलींना ही शिफारस लिहिताना हा क्रम थेट वापरता येईल. इथल्यांना निदान हातात आलेलं शस्त्र तेच का आलं, हे कळेल.

आधी अंतर मोजा

अमेरिकन स्नायपर असोसिएशननं तिथल्या पोलिसांच्या प्रत्यक्ष घटना गोळा केल्या तेव्हा गोळी झाडण्याचं सरासरी अंतर निघालं ५१ यार्ड, म्हणजे जेमतेम ४७ मीटर. क्रिकेटच्या खेळपट्टीपासून सीमारेषा असते त्याहूनही हे कमी आहे. नवख्याला हा आकडा खोटा वाटतो. पण शहरात घटना घडते घरात, गल्लीत, दुकानाच्या दारात, आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून किंवा खिडकीतून यापेक्षा लांबचं काही दिसतच नाही.

या अंतरावर वर्तुळाच्या अंशाचा साठावा भाग, ज्याला सगळे एमओए म्हणतात, १४ ते १५ मिलिमीटर भरतो. १०० मीटरवर तो २९ मिलिमीटर असतो. चांगल्या नळीची कुठलीही मध्य-आघाती, म्हणजे पेंद्याच्या मधोमध ठोका बसून सुटणाऱ्या, काडतुसाची रायफल एक एमओएच्या आत मारते. त्यामुळे ५० मीटरवर अचूकतेसाठी एक कॅलिबर दुसऱ्यापेक्षा सरस, असं म्हणायला जागाच उरत नाही. वाऱ्याचंही तसंच. ताशी १५-१६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात .३०८ या काडतुसाची १६८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी १०० मीटरवर साधारण दोन सेंटिमीटर सरकते, .२२३ची हलकी गोळी तीनच्या आसपास. ५० मीटरवर हा फरक आणखी लहान होतो.

जवळच्या अंतरावर नेमबाजाला फसवते ती दुर्बिणीची उंची. दुर्बीण नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर बसलेली असते. १०० मीटरवर झिरो केलेली, म्हणजे त्या अंतरावर नेम आणि गोळी एकाच जागी जुळवलेली, .३०८ रायफल ५० मीटरवर जवळपास नेमक्या जागी मारते, २५ मीटरवर सुमारे दोन सेंटिमीटर खाली आणि १० मीटरवर तीन सेंटिमीटरहून जास्त खाली. ओलिसाच्या खांद्यावरून फक्त अर्धा चेहरा दिसत असेल तर दोन सेंटिमीटर फार मोठे असतात. कॅलिबर बदलून हे टळत नाही. पाच-पाच मीटरच्या टप्प्यानं चांदमारी करून कुठल्या अंतरावर गोळी किती खाली लागते ते पाठच व्हावं लागतं.

सरासरीवर सगळं सोडू नका, कारण आपल्या हद्दीत विमानतळ, धरण, स्टेडियम, उड्डाणपूल असतात. १९७२च्या सप्टेंबरमध्ये म्युनिक ऑलिंपिकच्या वेळी फ्युर्स्टनफेल्डब्रुकच्या विमानतळावर जे घडलं ते प्रत्येक पोलीस नेमबाजानं नीट वाचावं. इस्रायली संघातल्या ओलिसांना घेऊन आलेले आठ अतिरेकी, आणि त्यांच्यासमोर पाच पोलीस नेमबाज. हातात ७.६२×५१ची जी-थ्री रायफल, पण दुर्बीण नाही, रात्री पाहायचं साधन नाही, एकमेकांशी बोलायला बिनतारी संच नाही, आणि हे काम शिकवलेलंही नाही. तिथे आणलेले नऊच्या नऊ ओलीस गेले. त्यानंतर पश्चिम जर्मनीनं जीएसजी-९ हे दहशतवादविरोधी पथक उभं केलं, आणि हेकलर अँड कोखनं पीएसजी-१ ही खास नेमबाजांची रायफल घडवली. नळी बदलली, चाप बदलला, दुर्बीण आली, माणसं निवडून शिकवली गेली. काडतूस मात्र तेच ७.६२×५१ राहिलं. आपल्याकडच्या एनएसजीनंही ही रायफल वापरली आहे.

तेव्हा पहिलं पाऊल असं: हद्दीचा नकाशा घ्या, घटना घडू शकते अशा जागा लिहून काढा आणि लेझर अंतरमापकानं प्रत्यक्ष मोजा. बँक, शाळा, बसस्थानक, न्यायालय, दाट वस्ती. बहुतेक शहरांत ही यादी २०० मीटरच्या आत संपते. तुमची संपत नसेल तर ते कागदावर आणा, कारण पुढचा निर्णय त्यावरच फिरणार आहे.

गोळीच्या वाटेत आणि पलीकडे काय आहे?

सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नाला द्यावा असं माझं मत आहे, आणि नेमका हाच प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो.

लष्करी बॉल काडतुसातली गोळी पूर्ण धातूच्या आवरणातली असते. ती माणसातून आरपार जाऊन पलीकडे तिसऱ्यालाच लागू शकते. पोलिसांना असं चालत नाही. म्हणून अनेक देशांतली पोलीस दलं पसरणारी गोळी वापरतात, जी शरीरात फुलून वेग गमावते. युद्धात अशा गोळ्यांना १८९९च्या हेग घोषणेनं बंदी घातली. त्या वादाची सुरुवात आपल्याकडच्याच दमदमच्या कारखान्यातल्या गोळीपासून झाली होती. ती घोषणा देशादेशांतल्या युद्धांपुरती आहे. पोलिसांनी काय वापरावं हे प्रत्येक देशाचे नियम ठरवतात, आणि तुमच्या दलाची स्थायी आज्ञा काय म्हणते ते आधी वाचायला हवं. संयुक्त राष्ट्रांनी १९९०मध्ये पोलिसांच्या शस्त्रवापराबाबत मूलभूत तत्त्वं स्वीकारली. जीव वाचवण्यासाठी दुसरा मार्गच उरला नसेल तेव्हाच जीवघेणा मारा करावा, आणि अनाठायी इजा किंवा अनाठायी धोका निर्माण करणारी शस्त्रं आणि काडतुसं वापरू नयेत, असं त्यांत स्पष्ट आहे. म्हणजे कॅलिबरच्या निवडीतही ही जबाबदारी येतेच.

एफबीआयनं १९८६च्या मायामीतल्या चकमकीनंतर काडतुसांच्या चाचणीची पद्धत बसवली. शरीराऐवजी घेतलेल्या जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी १२ ते १८ इंच, म्हणजे ३० ते ४५ सेंटिमीटर, एवढीच जावी हा त्यातला निकष आज जगभर वापरला जातो. काडतूस निवडताना उत्पादकाकडून असे आकडे मागून घ्या. उघड्यावर, काचेतून, पातळ भिंतीतून अशा वेगवेगळ्या परिस्थितींचे आकडे वेगळे हवेत.

लोकांचा समज असा की रायफलची गोळी पिस्तुलापेक्षा नेहमीच जास्त भिंती फोडते. .२२३च्या हलक्या, लवकर फुटणाऱ्या गोळ्यांच्या बाबतीत उलटं आढळलं आहे: अमेरिकन घरांतल्या आतल्या पातळ भिंतींमधून त्या ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या गोळीपेक्षा कमी पलीकडे जातात. हे निष्कर्ष जसेच्या तसे उचलून इथे आणू नका. आपल्याकडे विटांची नऊ इंची भिंत पुष्कळ काही अडवते, पण झोपडपट्टीतला पत्रा, प्लायवूडचं पार्टिशन, सिमेंटचा पातळ पत्रा यांतून कुठल्याही कॅलिबरची गोळी जाते. धारावीसारख्या वस्तीत 'मागे काय आहे' याचं उत्तर जवळजवळ नेहमी 'माणसं' हेच असतं. तिथे कॅलिबरपेक्षा गोळीचा कोन आणि नेमबाजाची बसायची जागा जास्त महत्त्वाची. उंचावरून खाली झाडलेली गोळी जमिनीत जाते.

दुसऱ्या बाजूला काच आहे. खिडकीच्या किंवा गाडीच्या काचेला लागल्यावर हलकी, वेगवान गोळी तुटते, वळते, कधी तिचं आवरणच सुटतं. जड आणि आवरण गाभ्याला पक्कं जोडलेली गोळी दिशा बरी धरते. काचेपलीकडे मारावं लागण्याची शक्यता तुमच्या यादीत ठळक असेल, तर .२२३ इथेच मागे पडतं.

पर्याय एकेक करून

.३०८ विन्चेस्टर हे १९५२ साली बाजारात आलं आणि १९५४ला त्याचंच लष्करी भावंड ७.६२×५१ नाटोनं स्वीकारलं. पोलीस नेमबाजांमध्ये सर्वाधिक वापर याचाच. १६८ ग्रेनची, म्हणजे सुमारे ११ ग्रॅमची मॅच, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाची, गोळी सेकंदाला साधारण ८०० मीटर वेगानं निघते. ही गोळी मूळची ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी घडवलेली, म्हणून पोलिसांच्या अंतरावर ती अतिशय शिस्तीत वागते. हजार मीटरकडे जाताना ती ढेपाळते, आणि .३०८वर जी टीका वाचायला मिळते ती बहुतेक याच अंतराची असते. तुमच्या यादीत ते अंतर नाही.

मला .३०८ आवडण्याचं कारण मात्र त्याहून साधं आहे. नळी चांगली निगा राखली तर पाच हजार गोळ्या आणि त्याहून पुढेही टिकते. मॅच काडतुसं अनेक उत्पादक बनवतात, एकानं पुरवठा थांबवला तर दुसरा असतो. काचेवर, लाकडावर, पत्र्यावर या गोळ्या कशा वागतात याचं कित्येक दशकांचं ज्ञान साठलेलं आहे. उलटतपासणीला उभं राहिल्यावर 'हेच काडतूस का?' या प्रश्नाला सरळ उत्तर देता येतं. धक्का .२२३पेक्षा जास्त, हे खरं. पाच-सहा किलोच्या रायफलवर तो सोसवतो, पण नवख्याला गोळी सुटायच्या आधीच डोळा मिटण्याची सवय लागू शकते.

.३०८ आणि ७.६२×५१ मापानं जवळजवळ सारखी असली तरी चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या, मापात बारीक फरक असतो. रायफलच्या नळीवर काय कोरलं आहे ते पाहा आणि अदलाबदल आर्मररला, म्हणजे दलातल्या शस्त्रांच्या कारागिराला, विचारल्याशिवाय करू नका.

.२२३ रेमिंग्टन १९६४च्या सुमाराचं, एम-१६ रायफलबरोबर आलेलं. याचं लष्करी रूप ५.५६×४५ आपल्या इन्सासमध्ये आहे. १९९७च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलिवूड भागात अंगावर चिलखत चढवलेल्या दोन दरोडेखोरांपुढे पिस्तुलं आणि शॉटगन अपुऱ्या पडल्या. तेव्हापासून तिथल्या गस्तीच्या गाड्यांतही या कॅलिबरच्या रायफली वाढल्या. नेमबाजासाठी याचा मोठा गुण म्हणजे अगदी कमी धक्का. गोळी लागताना दुर्बिणीतूनच दिसते, दुसरी गोळी लगेच झाडता येते आणि सराव स्वस्त पडतो. दाट वस्ती, १०० मीटरच्या आतली अंतरं, काचेचा संबंध क्वचित, असं तुमचं चित्र असेल तर ६९ किंवा ७७ ग्रेनच्या मॅच गोळीसह हे पूर्ण जबाबदार उत्तर आहे. फक्त नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरवणारे आतले चर, बघून घ्या. १२ इंचांत एक फेर घेणाऱ्या जुन्या नळीत ५५ ग्रेनची गोळी चालते, ७७ ग्रेनची स्थिर राहत नाही. तिला सात-आठ इंचांत एक फेर लागतो. आणि .२२३च्या चेंबरमध्ये ५.५६ लष्करी काडतूस घालू नका, दाब धोकादायक वाढू शकतो.

६.५ क्रीडमूर हॉर्नाडी या काडतूस कंपनीनं २००७ला आणलं. स्पर्धेसाठी जन्मलेलं हे काडतूस वाऱ्याला फार चांगलं तोंड देतं, धक्का .३०८पेक्षा कमी, आणि अमेरिकेच्या विशेष दलांनीही ते घेतलं. नवीन मुलांना याचंच वेड असतं आणि ते समजण्यासारखं आहे. ४०० मीटरपुढे याचा फायदा स्पष्ट दिसतो. ५० मीटरवर तो कागदावरही शोधावा लागतो. नळी साधारण दोन-तीन हजार गोळ्यांत उतरणीला लागते. मोकळ्या मुलखात, लांबच्या अंतरावर खरोखर काम पडणाऱ्या पथकानं याचा गंभीरपणे विचार करावा. शहरातल्या पथकाला यात बदलण्याइतकं काही मिळत नाही.

.३०० विन्चेस्टर मॅग्नम आणि .३३८ लापुआ मॅग्नम ही सैन्याच्या अंतरांची काडतुसं. धक्का जड, नळी लवकर झिजते, गोळीची ऊर्जा पोलिसांच्या कामाला नको तेवढी. शहरासाठी यादीतून काढून टाका.

काडतुसं वर्षभर मिळतील का?

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईत सीएसटीवर रेल्वे पोलिसांच्या हातात थ्री नॉट थ्री होत्या. त्या रात्रीनंतर सगळा राग त्या जुन्या रायफलवर निघाला. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२०च्या प्रजासत्ताक दिनी तिला समारंभपूर्वक निरोप दिला. ती रायफल कालबाह्य झाली होती यात शंका नाही. पण .३०३च्या काडतुसाची ताकद .३०८च्या फार मागे नव्हती. सरावाला काडतुसं कमी पडत होती, हे त्या हल्ल्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या राम प्रधान समितीच्या अहवालात आलं. कॅलिबर बदलणं सोपं आणि वर्षभर सरावाची काडतुसं पुरवणं कठीण, म्हणून पैसा सोप्या बाजूला जातो. नव्या नेमबाजानं हे समजून घेऊन दुसऱ्या बाजूनं मागणी लावावी.

साधा हिशेब करा. महिन्याला १०० गोळ्या म्हणजे वर्षाला १,२००. या वेगानं ६.५ क्रीडमूरची नळी पावणेदोन ते अडीच वर्षांत बदलावी लागेल, .३०८ची चार वर्षांहून जास्त चालेल. एवढी काडतुसं तुमच्या दलाला दरवर्षी, एकाच लॉटची (कारखान्यात एकाच खेपेत बनलेली), खरेदीच्या फेऱ्यांत न अडकता मिळतील का? आपल्याकडे वरणगाव आणि खडकीच्या आयुध निर्माण्यांतून लहान शस्त्रांची काडतुसं बनतात. पण पायदळासाठीचं बॉल काडतूस आणि नेमबाजाचं मॅच काडतूस या वेगळ्या गोष्टी आहेत. बॉल काडतुसावर सराव आणि मॅच काडतुसावर काम, असं केलं तर दोन्हींचा झिरो वेगळा पडतो. ऐन वेळी तो फरक डोक्यात धरणं कुणालाही जड जातं.

पैसे खरोखरच कमी असतील तर .२२ लाँग रायफलकडे वळा. सव्वाशे वर्षांहून जुनं, स्वस्त, जवळजवळ धक्का नसलेलं काडतूस. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१०मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारात, जगज्जेत्या झाल्या, आणि कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलं, ते याच काडतुसावर. ५० मीटरवरच्या त्या लक्ष्यातलं दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं असतं. श्वास, चाप, गालाची बैठक, गोळी सुटल्यावरही नेम धरून ठेवणं, हे सगळं .२२वर पक्कं करता येतं. ड्युटीच्या रायफलसारखाच दस्ता आणि चाप असलेली .२२ मिळाली तर सोन्याहून पिवळं.

आपल्या रायफलवर तपासा

कॅलिबर ठरलं तरी काम अर्धंच झालं. एकाच बनावटीच्या दोन रायफलींना वेगवेगळी काडतुसं मानवतात. तीन-चार प्रकारची मॅच काडतुसं थोडी थोडी आणा आणि प्रत्येकाचे पाच-पाच गोळ्यांचे पाच गट वेगवेगळ्या दिवशी काढा. एका सुंदर गटावर भाळू नका, सगळ्यांत वाईट गट किती मोठा आहे ते बघा.

थंड नळीतली पहिली गोळी वेगळी नोंदवा. पोलीस नेमबाजाच्या वाट्याला बहुधा तीच एक येते. प्रत्येक सरावाच्या सुरुवातीला एकच गोळी, नवीन कागदावर, तारीख, तापमान, काडतुसाचा लॉट आणि नळी साफ करून किती गोळ्या झाल्या हे सगळं लिहून. काही महिन्यांत ही वही तुम्हाला कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त सांगेल.

तापमानाकडे विदर्भ-मराठवाड्यातल्यांनी खास लक्ष द्यावं. जानेवारीच्या सकाळी झिरो केलेली रायफल मेमध्ये ४५ अंशांत बाहेर काढली तर दारू जास्त जोरात जळते, वेग वाढतो. ५० मीटरवर फरक नगण्य, २०० मीटरवर मोजण्याइतका. काडतुसं गाडीच्या डॅशबोर्डवर तापू देऊ नका. कोकणात आणि घाटात पावसाळ्यात उलट काळजी: नळीच्या तोंडाशी पाण्याचा थेंबही राहता कामा नये, काडतुसांची पेटी बंद हवी.

शिफारस लिहिताना

दोन पानं पुरेत. पहिल्यावर मोजलेल्या अंतरांची यादी, वस्तीचं आणि भिंतींचं वर्णन, काचेची शक्यता. दुसऱ्यावर कॅलिबर, गोळीचा प्रकार आणि वजन, नळीतल्या आट्यांचा फेर, तुमच्या रायफलवरच्या गटांचे आकडे, वर्षाला लागणारी काडतुसं आणि नळी बदलण्याचा अंदाजे महिना. पथकात दोन नेमबाज असतील तर दोघांचं काडतूस एकच ठेवा, म्हणजे एकाचा साठा दुसऱ्याला चालतो आणि नोंदीही ताडून पाहता येतात. 'लॉट बदलल्यास दोन्ही रायफली पुन्हा झिरो होईपर्यंत जुन्या लॉटची किमान ४० काडतुसं शिल्लक ठेवावीत' हे वाक्य त्यात घालाच, आणि त्याखाली भांडारप्रमुखाची सही घ्या.